स्लो पीस मिळालाय? मग आधी बो कुठे संपतोय ते बघा

स्टुडंट स्ट्रिंग ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा स्लो पीस हातात आला की सगळ्यांना हायसं वाटतं, मलाही वाटलं होतं. डी मेजर स्केल, सगळं फर्स्ट पोझिशनमध्ये, म्हणजे डावा हात व्हायोलिनच्या मानेच्या टोकाशीच, लय ६०. मी सेकंड व्हायोलिनला होते, दोन दिवसांत नोट्स बसल्या आणि मी पीस बाजूला ठेवला. स्पष्टच सांगते, असं करू नका. फास्ट पीसमध्ये घसरलेला सूर निघून जातो, इथे तो चार सेकंद सगळ्यांसमोर उभा असतो.

मला अडकवलं ते तीन अधिक एकच्या पॅटर्ननी. तीन मात्रांची लांब नोट डाउन बो, म्हणजे बो (व्हायोलिनचा गज) हाताकडच्या टोकापासून पुढच्या टोकाकडे ओढत, मग एका मात्रेची छोटी नोट अप बो, म्हणजे उलट दिशेनी, असे सलग आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांचे आठ तुकडे. कागदावर काहीच अवघड दिसत नाही, पण हिशोब करून बघा. बोचे केस साधारण ६५ सेंटीमीटर, लय ६० म्हणजे एका मात्रेला एक सेकंद. लांब नोटेला मी तीन सेकंदांत पूर्ण बो संपवायचे आणि मग परत फ्रॉगपाशी, म्हणजे बो धरतो त्या टोकाशी, यायला उरायचा एकच सेकंद. म्हणजे बो तिप्पट वेगाने मागे येणार, वेग वाढला की आवाज वाढणार, आणि जी नोट अलगद यायला हवी तीच प्रत्येक बारमध्ये धक्का मारल्यासारखी बाहेर पडणार. रिहर्सलला कंडक्टरनी फक्त आमचा सेक्शन वाजवून घेतला तेव्हा हे उघडं पडलं, दर चौथ्या मात्रेला आवाजाचा फुगवटा. मला वाटलं डावा हात चुकतोय, म्हणून पुढचे तीन आठवडे मी बोटंच घोटत बसले. ते आठवडे आठवले की अजून वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहितेय.

एका सीनियरनी ‘हलकं वाजव’ एवढंच सांगितलं. असे सल्ले देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण मग मी सगळंच हलकं वाजवायला लागले आणि लांब नोटही गेली. शेवटी व्हायोलातल्या एका मुलीनी माझ्या बोच्या काडीवर मधोमध कागदी टेपचा तुकडा चिकटवला, म्हणाली लांब नोट ह्याच्या पुढे न्यायची नाही. आता अर्ध्या बोमध्ये तीन सेकंद म्हणजे बो फारच हळू, आवाज बारीक होतो, म्हणून बो थोडा ब्रिजकडे, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीकडे, घ्यायचा आणि हाताचं वजन तारेवर सोडायचं, बोटानी दाबायचं नाही, दाबलं की करकर होते. परत येताना वेग तिप्पटच राहतो, पण वजन काढून घ्यायचं आणि बो जरासा फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटं ठेवतो त्या काळ्या पट्टीकडे, सरकवायचा, केस तारेला जेमतेम टेकलेले. आधी फक्त मोकळ्या डी तारेवर करा, डावा हात खाली सोडून, मेट्रोनोम १२० वर ठेवून म्हणजे अर्धी मात्राही ऐकू येते. चार-पाच दिवस काहीच होत नाही, घाबरू नका, मग एके दिवशी फुगवटा जातो.

दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही नोट्स एकाच दिशेनी, मध्ये बो किंचित थांबवून. पण हे स्वतःच्या मनानी करू नका, सेक्शन लीडरला विचारून सगळ्यांच्या कागदावर पेन्सिलनी लिहून घ्या.

व्हायब्रॅटोबद्दल, म्हणजे बोट हलवून सूर थरथरवण्याबद्दल, सूर पक्का नसेल तर तो हलवून झाकू नका, हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही. ए तारेवर तिसऱ्या बोटाचा डी बरोबर लागला की शेजारची मोकळी डी तार आपोआप थरथरते, डोळ्यांनी दिसते. म्हणूनच नवीन ऑर्केस्ट्राला डी आणि जी मेजरचे पीस देतात. कुणी उत्साहानी अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बरचं ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ घेऊ म्हणालं, १९३८ मध्ये पहिल्यांदा वाजलेलं, तर विचार करा, त्याला पाच फ्लॅट्स, म्हणजे अर्धा सूर खाली उतरवलेले पाच स्वर, आहेत आणि त्या स्केलमध्ये व्हायोलिनची एकही मोकळी तार बसत नाही.

आणि एक जागा. आमच्या पीसमध्ये बेस आणि चेलो खाली ए वर जातात तेव्हा सेकंड व्हायोलिन आधीचा डी तसाच धरून ठेवतात. तो टोचतो. मला वाटायचं मीच चुकले, म्हणून मी तिथे आवाज कमी करायचे, शेजारीणही करायची, आणि ती जागा सपाट जायची. पण तो डी तिथे टोचावा म्हणूनच लिहिलेला असतो. तिथे मागे हटू नका, उलट वजन थोडं वाढवा, दोन मात्रा ते टोचणं पूर्ण ऐका आणि मग त्याच बोमध्ये वजन काढत दुसऱ्या बोटाच्या सी शार्पवर उतरा. पहिल्यांदा आम्ही दहा जणींनी हे एकत्र केलं तेव्हा मागचे चेलोवाले वाजवता वाजवता मान वर करून आमच्याकडे बघायला लागले.