वारा बघून पाण्याचं रॉकेट सोडताना

विज्ञान प्रदर्शनात दोन लिटरच्या कोल्ड्रिंक बाटलीचं रॉकेट सोडणार असाल, तर वाऱ्याइतकंच ते स्टँडवरून किती वेगाने सुटतं तेही बघा. वारा सेकंदाला ३ मीटर आणि रॉकेट १० मीटरने सुटलं, तर हवा त्याला सुमारे १७ अंश तिरकी लागते. सुटण्याचा वेग २० मीटर झाला की तोच तिरकेपणा ९ अंशांच्या आत येतो आणि रॉकेट वाऱ्याने कमी वळतं.

वेग मारला जातो तो बहुधा जास्त पाण्यामुळे. ६०० ते ६५० मिली पुरे. अर्धी बाटली भरली तर वजन वाढतं, दाबलेल्या हवेला जागा कमी उरते आणि रॉकेट रेंगाळत उठतं. दाब दाखवणाऱ्या गेजच्या सायकल पंपाने ६० पीएसआय दाबापर्यंतच हवा भरा. मिनरल वॉटरची बाटली मुळीच नको, ती दाबासाठी बनवलेली नसते. ओरखडे पडलेली किंवा उन्हात तापलेलीही नको. अर्धा इंची यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाइप बाटलीच्या तोंडात नेमका बसतो. त्याचा २५ सेंमीचा तुकडा स्टँडवर उभा बसवून बाटलीच्या आत ठेवला की सुरुवातीची दिशा सरळ राहते.

तीन पंख खाली, बाटलीच्या तोंडाकडे लावा. रिकामं रॉकेट तोलबिंदूवर दोरीने बांधून डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं पाहिजे; नाही राहिलं तर नाकात ५० ग्रॅम चिकणमाती भरा आणि पुन्हा फिरवा. पंख मोठे केले की काम झालं, हा गैरसमज आहे. मोठ्या पंखांवर वारा जास्त जोर धरतो आणि रॉकेट वारा येतो त्या दिशेलाच तोंड वळवतं. म्हणून स्टँड उभाच ठेवा, वाऱ्याकडे आणखी झुकवू नका.

पाने सतत हलत असतील तर सोडायला हरकत नाही. धूळ उडून बारीक फांद्या हलू लागल्या, म्हणजे वारा ताशी २० किमीच्या पुढे गेला. त्या दिवशी थांबा. जमिनीवरचा वारा फसवतो. निपाणी-चिकोडीकडे गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर बघा, वरच्या वाऱ्याची दिशा कळते. श्रीहरिकोट्यालाही उड्डाणाआधी फुगे सोडून वरचा वारा मोजतात.

पॅराशूट असेल तर मैदान मोठं लागतं. ५० मीटरवरून सेकंदाला ४ मीटरने उतरणारं रॉकेट ५ मीटरच्या वाऱ्यात ६० मीटरवर वाहून जातं. भातकापणीनंतरचं मोकळं शिवार याला उत्तम; मसूर पेरली असेल तर आधी मालकाला विचारा. सांबरा विमानतळाच्या आसपास नकोच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच असल्याने इथली हवा सुमारे ७ टक्के विरळ आहे, पण पाण्याच्या रॉकेटला त्याचा फरक जाणवण्याइतका नाही.

सकाळी नऊच्या आत सोडा, ऊन तापलं की झोत सुरू होतात. पंपाची नळी ५ मीटर, सुटकेची दोरी १० मीटर ठेवा. भरल्यावर झोत आला तर पंपाच्या टोकाकडचा व्हॉल्व्ह उघडून हवा काढा. भरलेल्या बाटलीजवळ कुणीही जायचं नाही.