रेल्समध्ये रिस्पॉन्ड-टू लिहिताना एचटीएमएल सगळ्यात वर ठेवा

एकाच अ‍ॅक्शनमधून (म्हणजे विनंती हाताळणाऱ्या मेथडमधून) वेब पान, जेसन (प्रोग्रामसाठीचा डेटा) आणि सीएसव्ही (तक्त्याची साधी फाईल) द्यायचं असेल तर रेल्स या रुबीतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये रिस्पॉन्ड-टूचा, म्हणजे कोणत्या फॉरमॅटला काय उत्तर द्यायचं ते सांगणारा, एक ब्लॉक पुरतो, वेगळे राउट नकोत. फक्त ब्लॉकमधल्या ओळींचा क्रम तपासा. समोरच्याने अ‍ॅक्सेप्ट हेडरमध्ये (विनंतीत कोणता फॉरमॅट हवा ते सांगणाऱ्या ओळीत) 'काहीही चालेल' असं कळवलं, तर रेल्स सगळ्यात वरचा फॉरमॅट उचलतं. कर्ल हे कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन मुळात असंच कळवतं. सीएसव्ही पहिली लिहिली असेल तर साध्या कर्लला पानाऐवजी फाईल मिळते आणि मग लोक भलतीकडेच बग शोधत बसतात.

पत्त्याच्या शेवटी डॉट जेसन लावलं की हेडरला कोणी विचारत नाही. तपासणीसाठी हाच मार्ग मला बरा वाटतो, काय मागितलंय ते लॉगमध्ये लगेच दिसतं. जो फॉरमॅट ब्लॉकमध्ये नाही तो मागितला तर प्रॉडक्शनमध्ये 406 ('या फॉरमॅटमध्ये देता येत नाही' असा एचटीटीपी कोड) मिळतो. ते योग्यच आहे, उगाच एरर पकडून (रेस्क्यू करून) 200, म्हणजे 'सगळं ठीक', देऊ नका.

सीएसव्ही आणि जेसन रेल्सला आधीच माहीत असतात. एक्सएलएसएक्स (एक्सेलची फाईल) द्यायचं तर त्याचा माइम टाइप (फॉरमॅटचं प्रमाणित नाव) इनिशियलायझरमध्ये, म्हणजे सुरुवातीला चालणाऱ्या सेटिंगच्या फाईलमध्ये, नोंदवावा लागतो, नाहीतर ती ओळ एरर देते.

आणि सीएसव्हीतला डेटा मराठीत असेल तर सेंड-डेटाला (फाईल पाठवणाऱ्या मेथडला) मजकूर देण्याआधी त्याच्या अगदी सुरुवातीला यूटीएफ-8 चा बॉम (एन्कोडिंग ओळखायची अदृश्य खूण) जोडा. तो नसला की एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडलेल्या फाईलमध्ये 'पुणे'च्या जागी बहुधा अगम्य चिन्हं दिसतात. जेसनमध्ये मात्र बॉम घालू नका, बरेच पार्सर त्यावर अडतात.