मुलांची एचआयव्हीची औषधं : वजन वाढतं, डोस तोच राहतो

आजी खुशीत होत्या. "मॅडम, मागच्या डबीतल्या गोळ्या बऱ्याच उरल्यात. या खेपेला कमी दिल्या तरी भागंल." एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रावर, समुपदेशन करायचे तेव्हा असं काही ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. घरात तांदूळ उरले तर ती काटकसर असते. या गोळ्या उरल्या म्हणजे तेवढं औषध पोराच्या पोटात गेलेलंच नाही. हिशोब मांडला तेव्हा उलगडा झाला. मागच्या महिन्यात नातवाचं वजन १० किलोच्या वर गेलं होतं, म्हणून डोस दीडवरून दोन गोळ्यांवर नेला होता. घरी मात्र दीडच चालू होती. "दीडनं बरा होता की तो," आजी म्हणाल्या.

मोठ्या माणसाचा डोस वर्षानुवर्षं तोच राहतो. लहान मुलाचा दर काही महिन्यांनी बदलतो, आणि तो वयावर नाही, वजनावर ठरतो. सध्या बहुतेक लहान मुलांना डोल्युटेग्रॅविरची १० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी दिली जाते. तिचं प्रमाण साधारण असं : ६ किलोच्या आत अर्धी, ६ ते ९.९ किलोला दीड, १० ते १३.९ ला दोन, १४ ते १९.९ ला अडीच, आणि २० किलोपासून मोठ्यांची ५० मिलिग्रॅमची एक गोळी. सोबतच्या अबाकाविर-लॅमिव्हुडिन गोळीचे टप्पेही याच वजनांवर बदलतात. हे आकडे वाचून घरच्या घरी डोस बदलू नका. सेंटरवर गेल्यावर "आज वजन किती भरलं आणि गोळ्या किती?" एवढं विचारा आणि ग्रीन बुकात, म्हणजे सेंटरवरून मिळणाऱ्या औषधांच्या वहीत, लिहून घ्या. घाईच्या दिवशी वजनकाटा राहून जातो. तो राहू देऊ नका.

यातच आणखी एक फसगत आहे. एका वडिलांनी ५० मिलिग्रॅमची गोळी संपली म्हणून घरात उरलेल्या १०-१० च्या पाच दिल्या. पाच दाहे पन्नास, गणित बरोबर! पण पाण्यात विरघळणारी गोळी शरीरात जास्त शोषली जाते. तिच्या तीनच गोळ्या, म्हणजे ३० मिलिग्रॅम, मोठ्यांच्या ५० च्या जवळपास जातात. पाच म्हणजे डोस बराच जास्त झाला.

द्यायची पद्धत

गोळ्या थोड्या स्वच्छ पाण्यात, दोन चमचे पुरतात, पूर्ण विरघळवा आणि अर्ध्या तासाच्या आत पाजा. वाटीच्या तळाशी जो साका राहतो तोही औषधच आहे. पुन्हा घोटभर पाणी घालून हलवा आणि तेही पाजा. दुधाच्या भरल्या बाटलीत गोळी टाकू नका, कारण मूल अर्धी बाटली ठेवतं आणि डोस नेमका किती गेला हे कोणालाच सांगता येत नाही. सिरप असेल तर घरातला चमचा बाजूला ठेवून खुणांची सिरिंज वापरा. घरोघरचे चमचे सारखे नसतात.

काही मुलं अजून लोपिनाविर-रिटोनाविर या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधावर आहेत. त्याचं सिरप इतकं कडू असतं, वर त्यात ४० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल, की पोरं ते थुंकून टाकतात. मग कोणीतरी सुचवतं, त्याचीच गोळी कुटून गुळात द्या. असं मुळीच करू नका. ही गोळी कुटली की रक्तात पोचणारं औषध जवळपास निम्म्यावर येतं. गोळी गिळता येत नसेल तर तसं सेंटरवर सांगा.

फुकट औषध आणि विकतचा खर्च

भारतात एआरटी १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहे आणि २००६ च्या अखेरीस खास मुलांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणीही मोफत आहे. तरी खासगी दुकानात मुलांची गोळी शोधत फिरणारे पालक भेटतात, कारण गावच्या सेंटरवर कोणी ओळखीचं भेटेल ही धास्ती. दुकानात बहुतेक वेळा ती मिळतच नाही. श्रीमंत देशांत आईकडून बाळाला होणारी लागण जवळजवळ थांबली, त्यामुळे मुलांच्या औषधाला बाजारच छोटा राहिला. नफा नाही म्हणून कंपन्या वर्षानुवर्षं उदासीन होत्या. २०२० च्या अखेरीस व्हायाट्रिस आणि मुंबईच्या मॅक्लिऑड्सने मुलांची डोल्युटेग्रॅविर गोळी ९० गोळ्यांच्या डबीला साडेचार डॉलर या दराने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना द्यायचं कबूल केलं, तेव्हा चित्र बदललं. रोज दोन गोळ्या लागणाऱ्या मुलाला वर्षाला आठेक डब्या, म्हणजे सुमारे ३६ डॉलर. हा भाव सरकारी खरेदीचा आहे, कोपऱ्यावरच्या मेडिकलचा नाही. ओळखीची भीती असेल तर दुसऱ्या तालुक्यातलं केंद्र मागता येतं. त्यासाठी विकत घेण्याची गरज नाही.

खरा खर्च होतो तो एसटीचं तिकीट, बुडालेला रोज आणि टॉनिक यांवर. एसटीच्या ठरावीक गाड्यांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांना प्रवास सवलत आहे, आणि पालक गमावलेल्या किंवा बाधित मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. कागद गोळा करण्याचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे, पण समुपदेशकाला विचारलं की निम्मं काम होतं.

टॉनिकचा राग मला वेगळ्या कारणाने येतो. "पोराची ताकद वाढंल" म्हणून शेकडो रुपयांची कॅल्शियमची पावडर किंवा लोहाचं सिरप आणलं जातं आणि गोळीसोबतच दिलं जातं. रिकाम्या पोटी दिलं तर हे दोन्ही डोल्युटेग्रॅविरला पोटातच अडवतात. पैसे घालून फुकटचं औषध वाया! डॉक्टरांनी लोह किंवा कॅल्शियम लिहून दिलं असेल तर डोल्युटेग्रॅविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्या. जेवणासोबत मात्र दोन्ही एकत्र चालतात. ॲसिडिटीच्या पातळ औषधालाही हेच अंतर पाळा, तिथे जेवणाची सूट नाही.

टीबीचं औषध सुरू झालं तर ते एआरटी सेंटरला त्याच आठवड्यात कळवा. त्यातलं रिफॅम्पिसिन सुरू असताना डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदा लागतं.

आईची गोळी पोराला

डबी संपली, सेंटर लांब, मग आईची टीएलडी, म्हणजे मोठ्यांची तीन औषधांची एकत्र गोळी, मोडून पोराला. त्यात टेनोफोविर असतं आणि लहान मुलाच्या हाडांना, मूत्रपिंडांना ते जपून द्यावं लागतं. ती गोळी साधारण १० वर्षं आणि ३० किलो पार केल्यावरच येते.

अबाकाविर सुरू केल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या, धाप असं एकत्र दिसलं तर थेट डॉक्टर गाठा. ही त्या औषधाची ॲलर्जी आहे असं डॉक्टरांनी ठरवून ते बंद केलं, तर पुन्हा कधीही, एक डोससुद्धा द्यायचा नाही. दुसऱ्यांदा ते जिवावर बेतू शकतं. ग्रीन बुकात ते लाल शाईने लिहून घ्या.

ऊसतोडीचे सहा महिने

बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. मूल सोबत असेल तर जाण्याआधी सेंटरवर तसं सांगा. काही महिन्यांचं औषध एकदम मिळू शकतं, आणि ग्रीन बुक दाखवून फडाजवळच्या एआरटी सेंटरमधूनही घेता येतं. मूल गावी आजीजवळ ठेवलं असेल तर आजीला नुसती डबी देऊन भागत नाही. तिला सेंटरवर नेऊन किती गोळ्या, कशा, वजन वाढल्यावर काय हे तिच्यासमोर सांगायला लावा. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गोळ्या मूळ डबीतच ठेवा. औषधाचं नाव दिसू नये म्हणून दुसऱ्या बाटलीत ओतल्या तर ओल लागते. लेबल झाकायचं असेल तर वरून कागद चिकटवा.

हे झाकणं मी समजू शकते. पण ते मुलापासूनही झाकलं जातं. बारा-तेरा वर्षांची पोर रोज "रक्त वाढायची गोळी" घेते, मग एक दिवस रक्त वाढल्यासारखं वाटतं आणि ती गोळी गादीखाली जायला लागते. व्हायरल लोड वाढलेला आला की आई रडते आणि पोरगी भांबावते, कारण तिला काय चुकलं तेच माहीत नसतं. सहा-सात वर्षांपासून थोडं थोडं सांगायला सुरुवात करा : अंगात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते. आजाराचं नाव नंतर, समुपदेशकासोबत बसून. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर १०९७ ला फोन करा, तो मोफत लागतो.

त्या आजींच्या नातवाला आम्ही त्या दिवशी पुन्हा काट्यावर उभं केलं. १०.८ किलो. आजींनी डबीवर पेनाने दोन रेघा ओढून घेतल्या, वाचता येत नाही म्हणून, आणि उरलेल्या गोळ्या परत पिशवीत टाकल्या.