व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला पहिल्यांदा जाताय? मग प्लॅन असा करा

जून लागला की ट्रेकच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच, उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला, म्हणजे हिमालयातल्या फुलांच्या खोऱ्याला, किती दिवस लागतात आणि कधी जायचं. बहुतेकांना शनिवार-रविवार जोडून चार-पाच दिवसांत उरकायचं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: मुंबई-पुण्याहून निघत असाल तर घर ते घर विमानाने नऊ-दहा आणि ट्रेनने अकरा-बारा दिवस काढा, त्यातले दोन दिवस व्हॅलीसाठी आणि एक दिवस पूर्ण रिकामा. सुट्टी एवढी मिळत नसेल तर सरळ पुढच्या वर्षी जा, पण घाईत जाऊ नका, कारण तिकडे पाऊस आणि रस्ता हे दोघं मिळून तुमचं टाइमटेबल ठरवतात.

आधी महिना ठरवा. व्हॅली हे नॅशनल पार्क आहे, ते १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं. जूनमध्ये बर्फ वितळत असतं, नाल्यांवर बर्फाचे पूल असतात, प्रिम्युलासारखी लवकर येणारी फुलं दिसतात पण बाकी व्हॅली अजून जागी व्हायची असते. खरा बहर साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि नेमका तेव्हाच पाऊस आणि दरडी. ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर फुलांची व्हरायटी कमी होत जाते, पण आकाश मोकळं व्हायला लागतं आणि मागची रतबन वगैरे शिखरं दिसण्याचा चान्स वाढतो. फुलांसाठीच जायचं असेल तर मी ऑगस्टचा पहिला पंधरवडा म्हणेन, फक्त १५ ऑगस्टला जोडून येणारा वीकेंड टाळा, व्हॅलीच्या पायथ्याच्या घांघरिया गावात तेव्हा रूमसाठी मारामार असते.

आता जायचं कसं. मुंबईहून बांद्रा टर्मिनस आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवरून हरिद्वारला थेट गाड्या आहेत, नाहीतर दिल्लीपर्यंत जाऊन पुढे बस किंवा ट्रेन, किंवा विमानाने डेहराडून. ट्रेनचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा. हरिद्वार किंवा ऋषिकेशला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे जोशीमठची गाडी पकडायची. पहाटे म्हणजे खरंच पहाटे, कारण ऋषिकेश ते जोशीमठ २५० किमीच्या आसपास असलं तरी अख्खा दिवस जातो, अंधार पडल्यावर त्या डोंगरी रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत, आणि वाटेत श्रीनगर-रुद्रप्रयागच्या मध्ये सिरोबगडसारख्या जागा आहेत जिथे पावसात दरड आली की तासन् तास थांबावं लागतं. दुपारी निघालात की मध्येच कुठेतरी मुक्काम पडणार हे धरून चाला. एक मात्र आहे, हा रस्ता झोपून काढू नका, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग हे चार प्रयाग वाटेतच लागतात आणि पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पुढे.

जोशीमठला (आता सरकारी नाव ज्योतिर्मठ) दोन कामं उरकून घ्या. एक म्हणजे कॅश. वर रूम, जेवण, खेचर, पोर्टर सगळं रोखीने द्यावं लागेल असंच समजा, यूपीआय नेटवर्क असेल तरच चालणार आणि नेटवर्क येतं-जातं. दुसरं म्हणजे औषधं. शिवाय उत्तराखंड सरकारच्या पोर्टलवर यात्रेचं रजिस्ट्रेशन करावं लागतं, हेमकुंड साहिब (घांघरियाच्या वरचा शिखांचा गुरुद्वारा) आणि बद्रीनाथ दोन्हीसाठी, ते घरूनच करून प्रिंट घेऊन निघा.

जोशीमठहून गोविंदघाट २० किमीच्या आसपास. तिथून पुलना गावापर्यंत शेअर जीप चालतात, साधारण ४ किमी, आणि पुलनापासून चालायला सुरुवात. घांघरियापर्यंत दहाएक किमी, फरसबंदी वाट, बाजूला लक्ष्मण गंगा घोंघावत असते, चहा-मॅगीचे टप्पे आहेत, वाट चुकायचा प्रश्नच नाही. भ्यूंडार गावापर्यंत चढ बरा आहे, पुढे नदी ओलांडली की मात्र सलग चढ लागतो आणि तिथेच लोकांचा दम निघतो. आपल्या सह्याद्रीच्या हिशोबाने सांगते, कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेपेक्षा गोविंदघाट आधीच वर आहे, आणि घांघरिया ३००० मीटरच्या वर. राजगड, हरिश्चंद्रगड दम न लागता करणाऱ्यांनाही इथे धाप लागते, त्यात लाज काही नाही, हवाच विरळ आहे. हळू चाला, सारखं थोडं थोडं पाणी प्या, पोचल्यावर लगेच लोळू नका, जरा गावात फिरून या. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं ही लक्षणं कोणाला दिसली तर लपवायची नाहीत, आणि वाढत असतील तर त्याच दिवशी खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) घ्यायची का नाही हे निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरला विचारा, दुसऱ्याने दिली म्हणून घेऊ नका.

सामान कमी ठेवा. मोठी बॅग जोशीमठच्या हॉटेलवर ठेवून सॅकमध्ये तीन-चार दिवसांचंच घेऊन वर जा. पावसासाठी चांगला रेनकोट आणि वेगळी रेन पँट, नुसता पोंचो वाऱ्यात उडतो आणि गुडघ्याखाली सगळं भिजतं. सॅकला बाहेरून कव्हर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, आत एक जाड प्लास्टिकची पिशवी लावून कपडे त्यात भरा. जीन्स नको, वाळत नाही. बूट आधी घालून मुरवलेले, ग्रिपवाले. मोजे मात्र वाटतात त्यापेक्षा जास्त घ्या, घांघरियात ऊन नसेल तर काहीही वाळत नाही आणि ओल्या मोज्यात सलग तीन दिवस चाललं की पायाची साल निघते. काठी गोविंदघाटला स्वस्तात मिळते, उतरताना गुडघे वाचवते, नक्की घ्या.

राहायला घांघरियाच, दुसरा पर्याय नाही, कारण व्हॅलीत मुक्काम करायला बंदी आहे. छोटी हॉटेलं आहेत, गढवाल मंडल विकास निगमचं गेस्ट हाऊस आहे आणि गुरुद्वारा आहे. सीझनमध्ये रूम आधी बुक करा. गुरुद्वाऱ्यात राहायची सोय आणि लंगर दोन्ही आहे, डोकं झाकून जा, पंगतीत बसा, जमेल तेवढी सेवा करा आणि दानपेटीत मनापासून टाका. इतक्या वर गरम जेवण करून वाढणाऱ्या त्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं.

आता मुख्य गोष्ट. घांघरियातला पहिला पूर्ण दिवस व्हॅलीला द्या, दुसरा हेमकुंडला, तिसरा परत व्हॅलीला. हेमकुंड साहिब ४००० मीटरच्या बरंच वर आहे, सहा किमीचा खडा चढ, त्यामुळे शरीराला एक दिवस जास्त मिळालेला बरा. पहाटे निघा, दुपारी लवकर खाली या, वर राहायची सोय नसते. ब्रह्मकमळ बघायचं असेल तर ते याच वाटेवर शेवटच्या टप्प्यात दगडांमध्ये दिसतं, त्यामुळे फुलांसाठी आलेल्यांनीही हेमकुंड सोडू नये.

व्हॅलीचं गेट सकाळी सातच्या सुमाराला उघडतं, ओळखपत्र दाखवून परमिट घ्यायचं, संध्याकाळी पाचच्या आत बाहेर. खेचरं आत नेत नाहीत, आई-बाबांना न्यायचं असेल तर कंडीवाला (पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून नेणारा) घांघरियातच ठरवा. पहिला टप्पा जंगलातून उतरत पुष्पावतीच्या पुलापर्यंत, मग भोजपत्राच्या झाडांमधून दमवणारा चढ, आणि मग एकदम समोर सगळं उघडतं. बरेच जण तिथेच फोटो काढून तासाभरात फिरतात, आणि वर सांगतात की गालिचा कुठे होता. कासच्या पठारावर फुलं पायाशी असतात, एकाच रंगाचा पट्टा लांबून दिसतो. इथे ऑगस्टमध्ये झाडोरा कमरेला, कधी छातीला लागतो, रंग एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे थांबून, वाकून बघावं लागतं. निळी पॉपी दगडाच्या कडेला एकटीदुकटी असते, पाकळ्या पावसाने कागदासारख्या चिकटलेल्या आणि देठावर बारीक काटे, हात लावलात तर टोचतात. कोब्रा लिली झाडीच्या सावलीत हिरवी-जांभळी फणा काढून असते, पटकन दिसत नाही. पुढे नदीच्या रेतीत गुलाबी एपिलोबियमचे ताटवे असतात, तिथपर्यंत निम्मी गर्दीही जात नाही.

व्हॅलीतच जोन मार्गारेट लेग या ब्रिटिश वनस्पती अभ्यासक बाईंची कबर आहे. १९३१ साली ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे साथीदार कामेट शिखर चढून परतताना इथे उतरले आणि ही जागा जगाला कळली, त्यानंतर १९३९ मध्ये या बाई वनस्पतींचे नमुने गोळा करायला आल्या आणि इथेच पडून त्यांचा मृत्यू झाला. जाऊन दोन मिनिटं थांबा.

फूल तोडायचं नाही, वाट सोडायची नाही, चॉकलेटचा कागदसुद्धा खिशात परत. १९८२ ला नॅशनल पार्क झालं, २००५ ला युनेस्कोच्या यादीत आलं, आणि आपण एका दिवसात जे तुडवतो ते परत उगवायला तिथला छोटासा उन्हाळाच असतो.

दुसऱ्यांदा व्हॅलीत जायचं कारण साधं आहे, पहिल्या दिवशी पावसाने आणि ढगाने काहीच दिसलं नाही असं हमखास होतं. दोन्ही दिवस चांगले मिळाले तर तिसऱ्या दिवशी लवकर परतून खाली उतरा आणि वाचलेला रिकामा दिवस बद्रीनाथला द्या, गोविंदघाटपासून २५ किमीच आहे, पुढचं माणा गावही होतं. रस्ता बंद पडला तर हाच दिवस तुमची परतीची ट्रेन वाचवेल, त्यामुळे तिकीट काढताना हरिद्वारला पोचायच्या दुसऱ्या दिवसाचं काढा, त्याच रात्रीचं नको.