जादा इंधनावरून कॅप्टन आणि डिस्पॅचर यांचे मत जुळत नसेल तेव्हा

सोलापूरहून गोव्यातील मोपा विमानतळाकडे निघणाऱ्या एटीआर 72 या छोट्या प्रवासी विमानाच्या कॅप्टनने फ्लाइट प्लॅनमधील आकड्यापेक्षा 300 किलो इंधन जादा मागितले आणि डिस्पॅचरने, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्याने, हरकत घेतली, असे समजू. अशा वेळी सर्वांत आधी किलोंची मिनिटे करावीत. आकाशात घिरट्या घालताना हे विमान ताशी साधारण 600 किलो इंधन जाळते, म्हणजे कॅप्टन प्रत्यक्षात अर्धा तास मागत असतात. ‘एवढे कशाला?’ असे विचारले की वाद पेटतो. ‘कॅप्टन, हा अर्धा तास कुठे लागेल असे वाटते?’ असे विचारले की कारण पुढे येते.

कारण कळल्यावर ते प्लॅनमध्ये आधीच धरलेले आहे का, हे दोघांनी मिळून पाहावे. प्रवासाचे इंधन, अनपेक्षित खर्चासाठी साधारणतः त्याच्या 5 टक्के, ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि शेवटचे 30 मिनिटांचे राखीव इंधन त्यात असतेच. हे शेवटचे राखीव घासाघिशीत आणू नये. उतरेपर्यंत त्याला हात लागणार असे दिसले, तर वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावी लागते.

पावसाळ्यात खरा प्रश्न बहुधा पर्यायी विमानतळाचा असतो. मोपाला पर्याय म्हणून गोव्यातलीच दाबोळी कागदावर जवळची दिसते, परंतु किनाऱ्यावरचा एकच पाऊस दोन्ही धावपट्ट्या झाकू शकतो. तेव्हा जादा इंधनाच्या आकड्यावर भांडण्यापेक्षा बेळगाव किंवा हुबळी पर्यायी धरून प्लॅन नव्याने काढणे शहाणपणाचे असते, आणि पुष्कळदा तेवढ्याने वाद मिटतो.

डिस्पॅचरने खर्चाचा मुद्दा जपून काढावा. वाहून नेलेल्या जादा इंधनापैकी ताशी 3 ते 4 टक्के इंधन त्याच्याच वजनापायी जळते. एवढ्या छोट्या प्रवासात 300 किलोंमागे ते फार तर दहा किलो होईल. वजनाचा मुद्दा मात्र खरा आहे. मे महिन्यात दुपारी पारा 42 अंशांवर गेला की हवा विरळ होऊन इंजिनाची ताकद घटते आणि 23,000 किलोंचे कमाल टेकऑफ वजन उचलता येईलच असे नाही. त्या दिवशी 300 किलो म्हणजे सामानासह तीन प्रवासी, नाहीतर चादरींचे काही गठ्ठे खाली. विमान अर्धे रिकामे असेल, तर हरकत न घेता सही करावी.

एवढे करूनही एकमत झाले नाही, तर जास्त इंधनाबाबत कॅप्टनचा शब्द अंतिम मानावा. नियमातील किमान मर्यादेखाली जाणाऱ्या प्लॅनवर मात्र डिस्पॅचरने कोणाच्याही भिडेखातर सही करू नये. इंधनाची गाडी विमानाखाली ताटकळत ठेवून चर्चा लांबवू नये. ‘मोपावर पाऊस, 15 मिनिटे होल्डिंग (घिरट्या), 150 किलो’ अशी एक ओळ नोंदवहीत लिहावी आणि विमान उतरल्यावर टाकीत उरलेला आकडा तिच्याच शेजारी मांडावा.