बग्गी तुटली तिथंच प्लेट मारताय? ऑफ सीझनमध्ये या चुका टाळा

होळी झाली की आपल्याकडं दगडावर बग्गी (पाइपच्या सांगाड्याची ऑफ-रोड गाडी) चढवायचा सीझन संपतोच, जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो, दुपारी पाइपला हात लागला तर चटका बसतो, म्हणून होळी ते अखाजी (अक्षय्य तृतीया) हा आमचा दुरुस्तीचा काळ. आणि याच काळात लोकं बग्गी जेवढी सुधारतात तेवढीच बिघडवतात पण. मी स्वतः हे करून बसलोय म्हणून मनापासून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जिथं तुटलं तिथंच जाड प्लेट मारून मोकळं व्हायचं. माझ्या मागच्या एक्सलवरचा खालच्या लिंकचा (एक्सलला चेसीशी जोडणाऱ्या दांड्याचा) ब्रॅकेट एकाच सीझनमध्ये तीनदा फाटला. पहिल्यांदा ५ एमएमची प्लेट मारली, मग ८ एमएमची, तिसऱ्यांदा तर प्लेट शाबूत आणि तिच्या कडेनं एक्सलच्या नळीलाच चीर गेलेली. भुसावळला आमचे एक मिस्त्री आहेत, सगळं आयुष्य रेल्वेच्या वेल्डिंगमध्ये गेलं, त्यांनी मशीन चालूच केलं नाही, म्हणाले "आधी सांग भाऊ, हाई तुटनं काबर?" (हे तुटलं कशामुळं?) बोल्ट काढून बघितला तर ब्रॅकेटचं गोल भोक अंड्यासारखं लांबट झालेलं आणि बोल्टचे आटे बरोब्बर प्लेटच्या जागी घासून चपटे. म्हणजे मी पूर्ण आट्यांचा बोल्ट लावला होता, प्लेटचा सगळा भार आट्यांवर, ते झिजले, खेळ वाढत गेला आणि प्रत्येक दगडावर लिंक ब्रॅकेटला हातोड्यासारखी ठोकत होती. प्लेट कितीही जाड मारली असती तरी तो ठोका थांबणार नव्हता. नवीन ब्रॅकेट, बोल्टच्या नेमक्या मापाचं भोक, आणि ज्याचा बिनआट्याचा भाग दोन्ही प्लेटांच्या पार जातो असा बोल्ट, एवढं केलं आणि तो ब्रॅकेट परत फाटला नाही.

बोल्टवरून आठवलं, दुकानात "ग्रेड ८ द्या" म्हटलं की बरेचदा ८.८ चा बोल्ट हातात पडतो आणि आपण खुश. दोन्ही वेगळे आहेत भाऊ! ८.८ ची ओढ सोसायची ताकद साधारण ८०० मेगापास्कल, १०.९ ची १००० च्या वर, आणि इंची मापातला ग्रेड ८ हा १०.९ च्या जवळ जातो. डोक्यावरचा आकडा किंवा खूण बघूनच घ्या. आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) एकदा काढला की नवीनच लावा.

चीर शोधायची तर आधी बग्गी नीट धुवा, चिखलाच्या थराखाली काहीच दिसत नाही. रंगातून केसाएवढी तांबडी रेघ गंजासारखी झिरपलेली दिसली की समजा खाली चीर आहे. लिंक, शॉक आणि स्टीअरिंग बॉक्स जिथं चेसीला जोडलेत तिथं डाय पेनिट्रंट मारा, लाल स्प्रे मारायचा, थोडं थांबून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर, चीर असेल तिथं लाल रेघ आपोआप वर येते. सापडली की वरून नुसती वेल्डची पट्टी ओढू नका, चीर खालून परत चालत येते. दोन्ही टोकांना ड्रिलनं छोटं भोक पाडा म्हणजे ती पुढं सरकत नाही, मग ग्राइंडरनं व्ही खाच करून तळापासून भरा. आणि भरल्यावर दिसायला छान म्हणून वेल्ड सपाट घासू नका, जास्त घासून वेल्ड पातळ झाला की ताकद कमी होते.

आता खास खान्देशातली चूक, कूलर! मिग वेल्डिंग (गॅसच्या कवचात तार वितळवून होणारं) चालू आणि बाजूला कूलरचा झोत, तो झोत गॅसचं कवच उडवून लावतो आणि वेल्डला अनारशासारखी जाळी पडते. ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडला तर कूलरचा ओलावाच नको, ओल धरलेल्या रॉडचा वेल्ड नंतर आतून तडकू शकतो, रॉड भट्टीत गरम करून कोरडे ठेवा. पहाटे ५ ते ९ काम करा, दुपारी झोपा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, लांब लावला तर करंट व्हील बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खराब होतं.

आणि हे हात जोडून सांगतो, पार्ट ब्रेक क्लीनरनं पुसून लगेच वेल्ड करू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवाली द्रव्यं असतात, वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, थोडासा श्वासात गेला तरी जीव जाऊ शकतो. डबा वाचा, नाहीतर साबण-पाण्यानं धुवून पूर्ण वाळवा.

मजबुती करताना लोकं अजून एक विसरतात. एक्सल शाफ्ट जाड टाकला तर पुढच्या वेळी क्राउन-पिनियन (एक्सलच्या आतले मोठे गिअर) जाणार, जोर कुठंतरी निघणारच, आणि शाफ्ट तासाभरात बदलता येतो, क्राउन-पिनियनला अख्खा दिवस जातो, खर्चही जास्त. तसंच छताला उगाच पाइप वाढवू नका, पावणेदोन इंची ३ एमएमचा पाइप मीटरला साधारण ३ किलो भरतो, ५ मीटर लावला की डोक्यावर १५ किलो, आणि तिरक्या दगडावर बग्गी लवकर कलंडते. वजन वाढवायचंच तर खाली, स्किड प्लेटमध्ये (बग्गीच्या पोटाखालची संरक्षक प्लेट). आपला काळा बेसॉल्ट धारदार असतो, प्लेट खरवडून निघतेच.

एक्सलचं तेल उघडून बघा. अनेर किंवा पांझरा ओलांडताना गरम एक्सल पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (एक्सलमधली हवा आत-बाहेर जायची वाट) बंद असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं, तेल ताकासारखं पांढरट झालं असेल तर तेच झालंय. ब्रीदरची नळी उंच न्या. तेलाच्या बुचाच्या मॅग्नेटवर बारीक करडा लगदा चालतो, गिअरच्या दाताचा तुकडा नाही.

सीट बेल्ट उन्हात ठेवू नका, आपल्या उन्हात त्याचा धागा लवकर कुजतो. एसएफआय (शर्यतीच्या सुरक्षा सामानाचे नियम ठरवणारी अमेरिकी संस्था) मार्कवाल्या बेल्टची मुदत २ वर्षंच असते, तारीख बघा.

सगळं जोडून झालं की प्रत्येक बोल्ट आणि नटवर पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. पहिल्याच दिवशी थेट मोठ्या दगडावर न जाता ओळखीच्या शेताच्या बांधावर तासभर हळू चालवा, मग खाली वाका आणि रेघा बघा. जिथं रेघ तुटलेली दिसेल तो नट सैल झालाय.