संशोधन-लेखनाची उजळणी: पंचवीस कार्डांची प्रश्नमंजूषा

एम.ए.च्या 'संशोधन पद्धती'ची किंवा पीएच.डी. कोर्सवर्कची उजळणी म्हटली की बहुतेक वर्गांत व्याख्या विचारल्या जातात. गृहीतक म्हणजे काय, नमुना निवड म्हणजे काय. मुलं धडाधड उत्तरं देतात, आणि त्याच मुलांच्या प्रकल्पात संदर्भसूची विस्कटलेली असते, उताऱ्याखाली नाव नसतं. म्हणून पहिल्यांदा प्रश्नमंजूषा घेणाऱ्याने एवढं धरून चालावं: कार्डावर व्याख्या नको, करायचं काम हवं.

सामान फारसं लागत नाही. २२ बाय २८ इंचांचा एक कार्डशीट ५.५ बाय ४ इंचांत कापला की २८ कार्डं निघतात. २५ खेळाला, ३ राखीव. पाच विषय घ्या: विषय आखणं, शोध, साधनांची पारख, संदर्भ देणं, स्वतःच्या शब्दांत मांडणं. प्रत्येकात १० ते ५० गुणांचे पाच प्रश्न. कार्डाच्या मागे उत्तर, आणि उत्तराखाली एका ओळीत कारण. कारण लिहिता येत नसेल तर तो प्रश्न काढून टाका, कारण वाद झाला की तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही. मोबाइलवरचे क्विझ अॅपही चालतात, पण त्यात लवकर बटण दाबणाऱ्याला जास्त गुण मिळतात आणि सावकाश, विचारपूर्वक वाचणारा मागे पडतो. शिवाय रेंज गेली की तास गेला. कार्डं बरी.

एका प्रश्नाला अडीच मिनिटं धरा: वाचन, ४५ सेकंद चर्चा, उत्तर, आणि मग कारण. २५ प्रश्नांना तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे जोडतास हवा. एकच तास हातात असेल तर चार विषयांचे चार-चार, असे १६ प्रश्न घ्या. गट चार, प्रत्येकात चार-पाच जण. कार्ड निवडायची पाळी एका गटाची, पण उत्तर चारही गटांनी कागदावर लिहायचं आणि एकदमच वर धरायचं. 'जो आधी हात वर करेल त्याचा प्रश्न' हा नियम ठेवलात तर दोन-तीन चटपटीत मुलं खेळतात, बाकीचे बघे होतात. गटातल्या प्रत्येकाला क्रमांक द्या आणि कारण कोण सांगणार हे चर्चा संपल्यावर जाहीर करा. उत्तराला निम्मे गुण, कारणाला निम्मे. चुकीला उणे गुण नकोत. त्याने लाजरी मुलं कोरा कागद धरतात. वर्ग खानदेशातला असेल तर गटात अहिराणीत बोलू द्या. विचार ज्या भाषेत येतो त्याच भाषेत भांडला पाहिजे. लिहिताना प्रमाण मराठी येते.

आता प्रश्न. विषय आखण्याच्या कार्डावर 'खानदेशातील केळी' असा ढोबळ विषय द्या आणि संशोधनाचा प्रश्न करायला सांगा. कोण, कुठे, कोणत्या काळात, नेमकं काय मोजणार. प्रत्येक मर्यादेला गुण. 'रावेर तालुक्यात ठिबकवर केळी घेणाऱ्या शेतकऱ्यांचा २०२० ते २०२४ मधला पाण्यावरचा खर्च' इथपर्यंत पोचलं की पूर्ण गुण.

शोधाच्या कार्डांत खानदेश स्वतःच उत्तम सापळा आहे. १९३० सालचे जळगावचे महसुली कागद शोधायचे तर कोणता शब्द टाकाल? 'जळगाव जिल्हा' टाकणाऱ्याला फारसं काही सापडत नाही, कारण १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव तेव्हा पूर्व खानदेशात होतं. नंदुरबारची १९९१ची जनगणना हवी असेल तर धुळ्याचे तक्ते उघडावे लागतात, कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. नावाचंही तेच. 'खानदेश' आणि 'खान्देश' दोन्ही लिहिलं जातं, आणि जुन्या इंग्रजी कागदांत स्पेलिंगमध्ये एक 'आय' जास्त सापडतो. सगळी रूपं 'ऑर'ने (म्हणजे 'हे किंवा ते' असं सांगणाऱ्या OR या शब्दाने) जोडून शोध घेणाऱ्या गटाला ५० गुण द्या. हे ज्याच्या डोक्यात बसलं त्याचे पुढचे कित्येक दिवस वाचतात.

साधनांची पारख हा सर्वांत चर्चेचा भाग. १८८०चं खानदेश गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, प्राथमिक साधन (अभ्यासाच्या काळातलाच मूळ पुरावा) की दुय्यम (नंतर कुणी त्यावर लिहिलेलं)? यादवकाळावर लिहिणाऱ्याला ते दुय्यम. इंग्रज अधिकारी भिल्लांकडे कसे पाहत हे तपासणाऱ्याला प्राथमिक. 'अवलंबून आहे' एवढंच म्हणणाऱ्याला गुण नाहीत, कशावर ते सांगायला हवं. त्यापुढचं कार्ड: बहिणाबाईंची गाणी. त्यांना लिहिता येत नव्हतं, गाणी घरातल्यांनी टिपून घेतली, संग्रह १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर निघाला. बोलीच्या अभ्यासाला तो संग्रह प्राथमिकच, पण मधे लिहून घेणाऱ्याचा हात आहे ही नोंद प्रबंधात हवी. इथे घड्याळ थोडं बाजूला ठेवलं तरी चालेल.

संदर्भाच्या कार्डासाठी पट्ट्या कापा: लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, आणि मुद्दाम 'पुणे' व किंमत. क्रम लावा, नको ते काढा. संदर्भ देण्याची एक पद्धत एपीए, तिच्या २०१९ मधल्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ वगळलं, तरी पुष्कळ जण 'पुणे' ठेवतात, कारण जुन्या प्रबंधातून नक्कल केलेली असते. एमएलए या दुसऱ्या पद्धतीत वर्ष प्रकाशकानंतर येतं. म्हणून कोणती पद्धत, कितवी आवृत्ती हे सुरुवातीलाच फळ्यावर लिहा, नाहीतर दोन गट दोन्ही बरोबर असून भांडत बसतात.

शेवटच्या विषयात कार्डावर एक वाक्य द्या: 'तापी खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीमुळे कापूस या भागात लवकर स्थिरावला.' खाली 'तापीच्या खोऱ्यातल्या सुपीक काळ्या मातीमुळे कपाशी या भागात लवकर रुजली' हे रूपांतर, संदर्भासकट. चालेल का? बहुतेक गट 'नाव दिलंय ना' म्हणून होकार देतात. चालत नाही, वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा आहे, फक्त शब्द बदललेत. मूळ कार्ड उलटं ठेवून आठवणीतून लिहायला लावा, मग फरक दिसतो. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याविषयीच्या नियमांवरही एक कार्ड असू द्या: दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्क्यांना सुधारून पुन्हा सादर करायला कमाल सहा महिने, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादरीकरणाला बंदी, त्यावर नोंदणी रद्द. जोडप्रश्न विचारा: साम्य ८ टक्के, पण त्यात एक पूर्ण परिच्छेद नाव न देता उचललेला. दंडाच्या पायरीत बसत नाही, पण चोरी ती चोरीच.

खेळ चालू असताना एका कागदावर प्रत्येक कार्डासमोर किती गट चुकले ते टिपा. चारपैकी तीन चुकले तर पुढच्या तासाला दहा मिनिटं त्याच मुद्द्याला द्या. चारही बरोबर असतील तर ते कार्ड अवघड करा किंवा काढा. शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, स्वतःच्या प्रकल्पातला एक संदर्भ आणि एक रूपांतर लिहून द्यायचं, कारण गटात झाकलं गेलेलं इथे उघडं पडतं. तीनेक आठवड्यांनी तीच कार्डं पुन्हा काढा, पण उदाहरणं बदलून: केळीच्या जागी भरिताची वांगी, रावेरच्या जागी शहादा.